शुद्ध केल्यावर कमजोर पडलेलं औषध: सालईच्या राळेचं एक प्रकरण

सालईच्या खोडाला खाच पाडली की जे पाझरतं त्याला आपण सरसकट डिंक म्हणतो. प्रयोगशाळेत त्याची वाटणी करावी लागते. डिंकाचा भाग पाण्यात विरघळतो, राळेचा अल्कोहोलात, आणि दोन्हींत सुगंधी तेल मुरलेलं असतं. हे प्रकरण त्यातल्या राळेचं आहे. माणसं, संस्था आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी यात सह-मार्गदर्शक होते. माझं काम पेशींचं, रसायनं वेगळी करण्याचं काम दुसऱ्या विभागाचं. ही विभागणीच पुढे नडली, पण ते ओघात येईलच.

पार्श्वभूमी

सालईच्या, म्हणजे बॉस्वेलिया सेराटाच्या राळेत बॉस्वेलिक आम्लं असतात. या गटाची पहिली नोंद १८९८ची. त्यातलं सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं संयुग म्हणजे अ‍ॅसिटिल-११-कीटो-बीटा-बॉस्वेलिक आम्ल. एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे एकेबीए म्हणतात. १९९२मध्ये ते ५-लायपॉक्सिजिनेज या दाह वाढवणाऱ्या विकराला रोखतं असं दिसलं. पुढे टोपोआयसोमरेज (डीएनएचा पीळ सोडवणारं विकर) आणि एनएफ-कप्पा-बी (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन) या कर्करोगाशी थेट संबंध असलेल्या लक्ष्यांवरही त्याचा परिणाम नोंदला गेला. तेव्हापासून राळेतून कर्करोगाचं औषध काढण्याची आशा अनेक प्रयोगशाळांत आहे.

ही आशा वेडगळ नाही. पोडोफायलम या वनस्पतीच्या मुळाकंदापासून मिळणारी पोडोफायलिन ही राळ १९४०च्या दशकात चामखिळीसारख्या वाढींवर लावली जायची. तिच्यातलं पोडोफायलोटॉक्सिन पेशींच्या सांगाड्यातल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, पण पोटात द्यायला फार विषारी. मग रसायनज्ञांनी रेणूत बदल केले आणि त्यातून एटोपोसाइड हे कर्करोगाचं औषध निघालं. अमेरिकेत त्याला १९८३मध्ये मान्यता मिळाली. गंमत म्हणजे बदललेला रेणू ट्युब्युलिनवर नव्हे, टोपोआयसोमरेज २वर काम करतो. आमच्या मुख्य मार्गदर्शकांना हे उदाहरण तोंडपाठ होतं आणि ते योग्य ठिकाणी वापरायचेही. फक्त राळेपासून गोळीपर्यंत मध्ये किती वर्षं आणि किती रेणू वाया गेले, तो भाग सांगताना थोडा आखडता हात घ्यायचे.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थिनीने राळेचा अर्क सिलिकाच्या कॉलमवरून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळकांड्यातून, उतरवला आणि टीएलसी या झटपट तपासणीत सारख्या दिसणाऱ्या नळ्या एकत्र केल्या. सातव्या गठ्ठ्याला नाव पडलं एफ-७. एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर २५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात पाहिलं तर एकच उंच शिखर, क्षेत्रफळ सुमारे ९० टक्के, जागा एकेबीएची. माझ्याकडे स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर ४८ तासांची एमटीटी, म्हणजे जिवंत पेशींनी बनवलेला रंग मोजणारी, चाचणी झाली. आयसी५०, म्हणजे निम्म्या पेशी निकामी करणारी मात्रा, आली सुमारे ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली. वनस्पतींच्या कच्च्या अर्कासाठी ३०च्या आतला आकडा पुढे न्यावा आणि शुद्ध संयुगासाठी ४च्या आतला, असा अमेरिकी राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या कामातून आलेला निकष या क्षेत्रात वापरला जातो. त्या मानाने एफ-७ उजवा होता. परिषदेला सारांश गेला. त्यात 'एकेबीए-समृद्ध अंशाची प्रभावी कर्करोगविरोधी क्रिया' असे शब्द होते. पेटंटच्या मसुद्याचीही चर्चा सुरू झाली.

अडचण

परीक्षक विचारतील म्हणून मी एक साधी मागणी केली: विकत आणलेलं प्रमाणित शुद्ध एकेबीए त्याच प्लेटवर शेजारी चालवा. खरं तर ही मागणी पहिल्या आठवड्यातच करायला हवी होती.

प्रमाणित एकेबीएचा आयसी५० आला २१.

आता हिशेब असा. एफ-७मध्ये ९० टक्के एकेबीए असेल आणि बाकीचं निष्क्रिय असेल, तर एफ-७चा आकडा २३च्या जवळपास यायला हवा. आला होता ८. म्हणजे उरलेला दहा टक्के भाग एवढा जहाल, किंवा आमचं कुठेतरी चुकलेलं.

"मॅडम, स्टँडर्डच खराब असेल का?" विद्यार्थिनीने विचारलं. रास्त शंका होती. दुसऱ्या पुरवठादाराकडून मागवलं, तोच निकाल. मग तिने एफ-७मधूनच एकेबीएचे स्फटिक पाडले. पांढरेशुभ्र, वितळणबिंदू नेमका. त्यांचाही आकडा विशीतला. शुद्ध करता करता औषधाचा जोर गेला होता.

समोरचे पर्याय

बैठकीत तीन वाटा पुढे आल्या.

पहिली मुख्य मार्गदर्शकांची. ते म्हणाले, "निसर्गातली संयुगं एकमेकांना साथ देतात. हा सहक्रियेचा पुरावा आहे, तसं लिहू या." यात तथ्य असू शकतं. पण सहक्रिया हा मोजायचा शब्द आहे. दोन घटक वेगवेगळे आणि ठरावीक प्रमाणात एकत्र तपासून, एकत्रित परिणाम बेरजेपेक्षा जास्त भरला तरच तो वापरता येतो. आमच्याकडे दुसरा घटक कोणता हेच माहीत नव्हतं. अनोळखी पाहुण्याला घरच्या कर्त्याचं श्रेय देण्यासारखं होतं ते.

दुसरी वाट कोणी उघड मांडली नाही, पण खोलीत ती होती. प्रमाणित संयुगाचा निकाल बाजूला ठेवायचा, शोधनिबंधात फक्त एफ-७ द्यायचा, आणि नावात 'समृद्ध' शब्द आहेच. अशा प्रकारे छापलेले किती निबंध आपण वाचतो याचा अंदाज मला त्या दिवशी आला.

तिसरी वाट म्हणजे थांबून एफ-७ उकलायचा. याची किंमत विद्यार्थिनीच्या वेळात मोजावी लागणार होती. शिष्यवृत्ती संपत आलेली. निर्णय तिच्यावर सोडू नये असं मला वाटत होतं, कारण दोन मार्गदर्शकांसमोर शिष्याने 'थांबू या' म्हणणं सोपं नसतं. तरी ती म्हणाली, "सर, मला व्हायव्हामध्ये हा प्रश्न विचारला तर उत्तर काय देऊ?" सरांनी त्यावर वाद घातला नाही. तीन महिने द्यायचे ठरले. लागले सहा.

काय केलं

आधी घरातली झाडलोट. पेशींत मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग नाही ना, हे पाहिलं. तो असेल तर एमटीटीचे आकडे भलतेच येतात. डीएनएवरून पेशींची ओळख पटवणाऱ्या एसटीआर चाचणीने सेल लाईन (प्रयोगशाळेत वाढवत नेलेला पेशींचा वाण) खरोखर एमसीएफ-७ आहे याची खात्री केली. ही खबरदारी उगाच नाही. वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरलेली एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाईन प्रत्यक्षात मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची, निघाली आहे. आमचं दोन्ही बाबतींत ठीक होतं.

मग रसायनाकडे वळलो, आणि खरी गोम तिथे निघाली. एकेबीएच्या रेणूत ११व्या जागी कीटो गट आणि त्याला लागून दुहेरी बंध आहे. या जोडीमुळे तो २५० नॅनोमीटरला प्रकाश जोरात शोषतो. राळेतल्या बऱ्याच इतर टर्पीनांत (एकेबीएही याच मोठ्या गटातलं) ही जोडी नाही. ती फार तर २१० नॅनोमीटरच्या आसपास दिसतात, २५०ला जवळजवळ अदृश्य असतात. म्हणजे आमचा डिटेक्टर फक्त एकेबीएच्या कुळालाच पाहत होता आणि त्या कुळात एकेबीए ९० टक्के होतं. नळीत एकूण किती आहे हे त्याला कधी विचारलंच नव्हतं. अंधाऱ्या खोलीत फक्त पांढरे सदरे मोजून 'खोलीत सगळे पांढरे सदरेवालेच आहेत' म्हणावं, तसा प्रकार.

२१० नॅनोमीटरला पाहिल्यावर शेजारी फुगवटे उभे राहिले. रेणूंतले हायड्रोजन मोजणाऱ्या प्रोटॉन एनएमआर या तंत्राने शिक्कामोर्तब केलं: वजनाने पाहता एफ-७मध्ये एकेबीए जेमतेम निम्मं होतं. उरलेलं मुख्यतः तटस्थ, म्हणजे आम्ल नसलेली, टर्पीनं, त्यात सालईच्या राळेची खूण मानलं जाणारं सेराटॉल हे डायटर्पीन ठळक. खूण अशासाठी की बॉस्वेलियाच्या इतर काही जातींच्या राळेत त्याऐवजी इन्सेन्सॉल किंवा त्याचं अ‍ॅसिटेट सापडतं. त्यामुळे राळ सालईचीच होती, एवढं समाधान अनायासे पदरात पडलं.

ही तटस्थ संयुगं आत राहिली कशी? राळेतली आम्लं वेगळी करण्याची जुनी रीत म्हणजे अल्काली घालून त्यांचे क्षार करायचे, तटस्थ भाग द्रावकाने धुऊन काढायचा, मग आम्ल घालून क्षारांतून मूळ आम्लं परत खाली पाडायची. विद्यार्थिनीने ही पायरी जाणूनबुजून गाळली होती आणि तिचं कारण चांगलं होतं. तीव्र अल्कालीत एकेबीएचा अ‍ॅसिटिल गट तुटून त्याचं केबीए होतं. जे टिकवायचं तेच मोडायला नको म्हणून तिने सरळ कॉलम धरला. ही चूक आळसातून नव्हे, काळजीतून झाली. तिच्या वहीत तसं लिहिलेलंही होतं. ती वही मी तोवर उघडली नव्हती.

आता दोन्ही भाग सौम्यपणे वेगळे करायचे होते. सौम्य अल्कालीने हलवलं तर साबणासारखा फेस. बॉस्वेलिक आम्लांचे क्षार साबणाचेच भाऊबंद, त्यामुळे थर वेगळे होईनात. दोन आठवडे गेले. शेवटी आयन-विनिमयाच्या रेझिनवरून द्रावण सोडलं. आम्लं अडकली, तटस्थ भाग खाली आला. राळेची वाटणी कृत्रिम राळेनेच करून दिली.

तटस्थ भागाचा आयसी५० आला पाचच्या आसपास. निम्मं पाचचं आणि निम्मं एकविसाचं मिश्रण केवळ बेरजेने काम करत असेल, तर आकडा आठ येतो. म्हणजे जे दिसत होतं ते सगळं बेरजेत बसत होतं. वेगवेगळ्या प्रमाणांत एकत्र करूनही पाहिलं. सहक्रिया नव्हतीच.

या टप्प्यावर सर उत्साहात आले. "मग तटस्थ भागच आपलं औषध!" मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण एमटीटी ही चाचणी पेशी मेली की नाही हे सांगत नाही. जिवंत पेशी पिवळ्या क्षाराचं जांभळं फॉर्मझान करतात आणि आपण तो रंग मोजतो. पेशी कशाने आणि कशी मेली, हे बघायला सूक्ष्मदर्शकाखाली बसावं लागतं. मी बसले. तटस्थ भाग घातल्यावर दोन तासांत पेशी फुगून फुटत होत्या आणि आतलं एलडीएच हे विकर बाहेरच्या मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात, सांडत होतं. कर्करोगाच्या औषधाकडून ज्याची अपेक्षा असते त्या अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये पेशी स्वतःहून आवरतं घेते, आणि त्याला वेळ लागतो. इथे पडदाच फाटत होता. शुद्ध एकेबीए दिलेल्या पेशी मात्र सावकाश, कॅस्पेज ही त्या आवरतं घेण्याची विकरं जागी करून मरत होत्या.

निरोगी त्वचेच्या फायब्रोब्लास्ट पेशींवर तटस्थ भाग चालवला. त्याही तितक्याच सहज फुटल्या. निवड शून्य.

शेवटचा दोष माझ्या खोलीतला निघाला. आमच्या चाचणीच्या मीडियममध्ये २ टक्के सीरम (रक्तातला प्रथिनं असलेला द्रव) होतं. दुसऱ्याच कुठल्या अर्कासाठी बसवलेली पद्धत, वर्षानुवर्षं तशीच चाललेली. एकेबीएसारखे पाण्याला घाबरणारे रेणू सीरममधल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटतात आणि पेशीपर्यंत पोहोचायला फार थोडे मोकळे उरतात. सीरम नेहमीच्या १० टक्क्यांवर नेलं तेव्हा एफ-७चा आकडा तिशीत गेला आणि शुद्ध एकेबीएचा चाळिशीपलीकडे. रक्तात तर प्रथिनं याहून किती तरी जास्त.

मध्येच आलेला फोन

सारांश परिषदेच्या यादीत दिसत होता. त्यावरून एका गृहस्थांनी विभागात फोन केला. आईची केमोथेरपी चालू होती. हा अर्क मिळेल का, नाहीतर बाजारातल्या सालईच्या गोळ्या किती द्याव्यात, एवढंच त्यांना विचारायचं होतं. फोन विद्यार्थिनीने घेतला आणि ती गडबडली.

नंतर मी त्यांच्याशी बोलले. अर्क देण्याचा प्रश्नच नव्हता. गोळ्यांबद्दलही 'नैसर्गिक आहे, घ्या' म्हणता येत नव्हतं. बॉस्वेलियाचे अर्क औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या सायटोक्रोम विकरांना परीक्षानळीत रोखतात, आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांमध्ये रक्त जास्त पातळ झाल्याच्या घटना नोंदल्या आहेत. केमोच्या औषधाची पातळी अशाने कुठे जाईल, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका, असं सांगितलं. आई आधीपासून काही घेत असतील तर तेही लपवू नका, म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घेतेय ती. दोन महिने." डॉक्टरांना सांगितलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सारांश मागे घ्यायचा निर्णय झाला. आकड्यांवरून आठवडाभर चाललेली घासाघीस या एका फोनने संपली.

निष्पत्ती

परिषदेच्या आयोजकांना कारणासह पत्र गेलं. पेटंटचा विषय सोडला. विद्यार्थिनीचा प्रबंध सहा महिने लांबला, पण त्यातलं डिटेक्टरवरचं प्रकरण परीक्षकांना सर्वांत आवडलं. निबंध छापून आला तो लहानसा: राळेच्या अंशांची शुद्धता एकाच तरंगलांबीवर ठरवल्यास काय होतं, आणि तटस्थ टर्पीनं पेशींच्या चाचण्यांत कशी ढवळाढवळ करतात.

एकेबीएचं काय? पेशी न मारणाऱ्या कमी मात्रेतही ते एनएफ-कप्पा-बीचा संकेत मंदावतं, हे आमच्याही हाती लागलं. पण तोंडाने घेतलेल्या अर्कातून रक्तात पोहोचणारं एकेबीए सहसा ०.१ मायक्रोमोलरच्या खालीच राहतं. स्निग्ध जेवणाबरोबर ते वाढतं, तरीही. आमचा २१ मायक्रोग्रॅमचा आकडा म्हणजे सुमारे ४१ मायक्रोमोलर. काही शे पटींचं हे अंतर कॉलम कितीही लांब केला तरी भरत नाही. त्यासाठी रेणू तरी बदलावा लागेल किंवा तो नेण्याची रीत.

राळेचा कर्करोगाशी सगळ्यात ठोस संबंध, निदान आजवर, वेगळ्याच बाजूने आला आहे. मेंदूतल्या गाठींसाठी रेडिएशन घेणाऱ्या ४४ रुग्णांवर एक प्लासिबो-नियंत्रित (काहींना औषध, काहींना नुसती दिखाऊ गोळी) चाचणी झाली, २०११मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसाला ४२०० मिलिग्रॅम सालईचा अर्क घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांत मेंदूची सूज तीन चतुर्थांशाहून जास्त उतरली. प्लासिबो गटात हे प्रमाण २६ टक्के होतं. गाठीभोवतालच्या सुजेसाठी युरोपात या अर्काला २००२मध्येच अनाथ औषधाचा, म्हणजे विरळा आजारासाठीच्या औषधाचा दर्जा मिळाला होता. सूज उतरणं म्हणजे गाठ मरणं नव्हे. पण त्या सुजेवर द्यावी लागणारी स्टेरॉइडं रुग्णाला किती पिळतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं मोल कळेल. आम्ही मात्र सगळा वेळ पेशी मारण्याच्या मागे होतो, कारण ९६ वेल्सच्या प्लेटवर तेच मोजणं सोपं असतं.

पुन्हा करायचं झालं तर

प्रमाणित संयुग पहिल्याच प्लेटवर हवं. बाकी काही जमलं नाही तरी एवढं केलं असतं तर सारांश गेलाच नसता. निरोगी पेशीही तेव्हाच, नंतर 'निवडकता पाहू' म्हणून नव्हे. दोन तरंगलांब्या तर हव्यातच, आणि शक्य असेल तिथे वजनाशी बांधील असलेली पद्धत, म्हणजे प्रमाणबद्ध एनएमआर किंवा बाष्पीभवनावर चालणारा डिटेक्टर. सीरमचं प्रमाण निबंधात पहिल्या ओळीत लिहावं. आम्ही ते तळटीपेतही लिहिलं नव्हतं.

रसायनवाल्यांनी पेशींची आणि पेशीवाल्यांनी रसायनाची वही वाचावी. मी विद्यार्थिनीची वही आधी वाचली असती तर अल्कालीची पायरी गाळल्याचं दिसलं असतं. ते पाहून माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला असता का, हे मात्र छातीठोक सांगवत नाही.

राळेचा नमुना बाजारातून आणलेला होता, झाडाचा वनस्पतिशास्त्रीय पुरावा जपलेला नव्हता. सेराटॉलमुळे निभावलं. दुसऱ्या राळेच्या बाबतीत निभावेलच असं नाही.

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. सरांचं म्हणणं, पडदा फाडणारा तटस्थ भाग बाहेरून लावायच्या औषधात उपयोगी पडू शकतो. पोडोफायलिनही सुरुवातीला त्वचेवरच लावलं जात होतं, आणि आपण ती वाट फार लवकर सोडली. माझं म्हणणं, निरोगी त्वचेच्या पेशी तितक्याच सहज फुटताना पाहिल्यावर त्या वाटेवर आणखी एका विद्यार्थ्याची तीन वर्षं घालणं मला जमणार नाही. तटस्थ भागाची बाटली अजून फ्रीजरमध्ये आहे. त्यातला नेमका कोणता रेणू पडदा फाडतो हे कोणी शोधायला तयार असेल, तर ती बाटली द्यायला दोघांचीही हरकत नाही.